कान्हाला एंगेज लागला

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. डायलचा, बोट घालून फिरवायचा. कोपरखैरण्याला 'खाडीसोबती' नावाच्या संस्थेच्या कचेरीत एका स्टीलच्या कपाटावर महिन्यापूर्वी मला ठेवलंय. माझी वायर कापली आहे. खाली एक कार्ड चिकटवलंय, 'आमचा पहिला दूरध्वनी'. शाळांच्या सहली येतात, मुलं भिंतीवरचे बगळ्यांचे, सापांचे फोटो बघतात आणि जाता जाता माझ्या भोकांत बोटं घालून बघतात.

मुलांना माहिती सांगणारे दादा सांगतात, की संस्था काढणाऱ्या चारुलताताईंना लहानपणापासून प्राण्यांचं वेड होतं, म्हणून ही संस्था निघाली. मुलं माना डोलावतात. मी वरून ऐकतो. अहो, कसलं वेड! चारुलताताई पालीला बघून खुर्चीवर चढायच्या. संस्था निघाली ती एका दुपारी एक निरोप पोचला नाही म्हणून. ती दुपार माझ्या अंगावरून गेली. त्यामुळे ती मीच सांगायला हवी.

एक आधीच सांगून ठेवतो. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या ढसाढसा रडतात. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, चिमटा काढला तरी कळत नाही, तसा मी बरीच वर्षं आहे. जे झालं ते सांगतो. रडायचं की नाही ते तुम्ही बघा.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका सरकारी कारखान्यात झाला. एका बाईने माझी डायल बसवली, शून्यात बोट घालून पूर्ण फिरवली आणि सोडली. डायल कर्रकर्र करत जागेवर आली. बाईने तळाला शिक्का मारला आणि पुढचा फोन हातात घेतला. मग मी वर्षभर गोदामात पडून होतो. त्या काळी फोनसाठी नंबर लावावा लागे आणि वाट बघावी लागे. विलास मोहित्यांनी सात वर्षं वाट बघितली होती. १९९२ साली मी त्यांच्या घरी आलो.

विलासराव मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांच्या ओळीत त्यांचं घर होतं, दीड खोलीचं. मी आलो त्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, ओळीत पेढे वाटले. त्यांच्या बायकोने, चारुलताताईंनी, माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं, त्याला लाल गोंडे लावले. ताई घरी बसून साड्यांना पिको-फॉल करायच्या. मी मशीनशेजारच्या स्टुलावर असायचो. खरं सांगतो, ते पहिले तीन-चार महिने मला बरं वाटायचं.

अख्ख्या ओळीत फोन एकच, तो म्हणजे मी. मग काय, शेजारी आपापल्या पाहुण्यांना माझा नंबर देऊ लागले. नंबरापुढे 'पीपी' लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. त्याला कोणी वाईट म्हणत नसे. पण येणाऱ्या फोनबरोबर जाणारे फोनही वाढले. लोक साखर मागायला यायचे आणि बोलता बोलता बोट माझ्या डायलमध्ये जायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सगळी कला मी त्या ओळीत पाहिली. पहिलं बिल आलं तेव्हा विलासरावांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी ते एक छोटं पितळी कुलूप घेऊन आले. तुम्ही असं कुलूप बघितलं नसेल. ते डायलच्या भोकात बसायचं. बसलं की डायल फिरत नसे. बाहेरचा फोन घरात यायचा, घरातला बाहेर जायचा नाही. विलासरावांचा जन्म स्टोअरमध्ये गेलेला, नट-बोल्टसुद्धा कुलपात ठेवणारा माणूस. किल्ली त्यांनी कंपनीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली, आणि ते जुडगं रोज सकाळी त्यांच्याबरोबर तुर्भ्याला जायचं. ताईंनी कुलपावरून लोकरीचं झाकण घातलं. त्यांना तरी कोणाला फोन करायचा असायचा?

डाव्या बाजूच्या घरात कृष्णात राहायचा. कोल्हापूरकडचा, त्याच कंपनीत फिटर. गावाकडे चुलत्याकडून तो साप धरायला शिकलेला. धरायचा आणि लांब सोडून यायचा, मारायचा नाही. कंपनीत दोन-तीनदा साप धरले आणि नाव झालं. कोणी म्हणालं, घरी निघाला तर तुला कसं गाठायचं? कृष्णातने बिनदिक्कत माझा नंबर दिला. पीपी.

तेव्हा नवी मुंबईत चहूकडे भराव टाकणं चालू होतं. खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात, मातीचे ट्रक रिकामे व्हायचे, तिवरांची झाडं गाडली जायची, आणि तिथे राहणारे जीव घरांत शिरायचे. आंघोळीच्या बादलीमागे साप, जिन्याखाली घोरपड, टाकीत पडलेला बगळा. माणसं घाबरून फोन करायची. कोपरखैरण्यातून, घणसोलीतून, अगदी शिरवण्यातून. दिवसा फोन उचलायला ताईच. सुरुवातीला त्यांचाच आवाज कापायचा. मग कृष्णातने त्यांना चार वाक्यं कागदावर लिहून दिली. साप मारू नका. अंतर ठेवा. दार लावून फटीत फडकं घाला. माणूस येतोय. ताई तेवढं वाचून दाखवायच्या, पत्ता चिठ्ठीवर लिहून कृष्णातच्या कडीला अडकवायच्या, तो शिफ्टवरून आला की सायकल काढायचा. फारच घाई असली तर कोपऱ्यावरच्या आप्पांच्या पीसीओवर जाऊन कंपनीत फोन लावायच्या. असं दीड वर्ष ठीक चाललं.

आता ती दुपार सांगतो. १९९४ चा मे महिना. पाऊण वाजला असेल. ताई एका हिरव्या साडीचा फॉल लावत होत्या.

मी वाजलो. पलीकडे कान्हा होता. कोपरखैरणे गावातला आगरी माणूस, खाडीत मासे धरणारा. महिन्यापूर्वी त्याच्या होडीत धामण शिरली होती, तेव्हा कृष्णात गेला होता. तेव्हापासून माझा नंबर कान्हाच्या घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता. तो गावातल्या किराणा दुकानातून बोलत होता. घाबरलेला नव्हता, पण घाईत होता.

"बाय, कोल्हीन खड्ड्यान परलीय. दोन पिला हायत संगती. भरती लागलीय. दोन वाजता पानी खड्ड्यान येल."

ताईंनी विचारलं, कसला खड्डा. तर खाडीकाठी कुठल्याशा इमारतीच्या पायासाठी खणलेला, पुरुषभर खोल, बाजू सरळ उभ्या, तळाला चिखल. परवा अवस झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, त्यात खड्डा थेट खाडीला लागून. कोल्हीण उडी मारते आणि घसरून खाली येते. भोवती माणसं जमलीत. मजूर आहेत, सुट्टीची पोरं आहेत. पोरांच्या हातात दगड आहेत. कान्हाने एक फळी आत टाकून बघितली होती, पण ती फळीकडे येईचना, कोपऱ्यात पिल्लांवर बसून दात दाखवत होती. तिला कसं काढायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

ताईंच्या कागदावर सापाची चार वाक्यं होती. कोल्ह्याचं एकही नव्हतं. त्या म्हणाल्या, मी कृष्णातला विचारते, तुम्ही परत फोन करा. कान्हा बरं म्हणाला आणि त्याने ठेवला.

ताईंनी माझं लोकरीचं झाकण काढलं, कुलपाला बोट लागलं, आणि त्या तशाच थांबल्या. त्यांनी डोक्यातली पिन काढून कुलपात घातली. फिरवली, दाबली. मग मशीनच्या डब्यातली सुई घातली, ती मोडली. मग त्या पायात चप्पल न घालता आप्पांच्या पीसीओवर धावल्या. आप्पा एक ते चार जेवायला आणि पडायला घरी जायचे. शटर बंद होतं. त्या परत आल्या, मला दोन्ही हातांनी धरून कुलूप ओढू लागल्या. माझ्या डायलवर त्याचा ओरखडा अजून आहे.

आवाज ऐकून उजव्या बाजूच्या भिमाबाई आल्या. जालन्याकडच्या बाई, नवरा बांधकामावर सुपरवायझर. ताईंनी त्यांना तुटक तुटक सांगितलं. भिमाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता. मग त्या आत आल्या आणि ताईंकडे न बघता म्हणाल्या, "वैनी, रागावू नका. कुलूप असलं तरी लागतो फोन. मी दावते."

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि तो ज्या खटक्यावर ठेवतात तो खटका बोटाने टिचकावला. टक टक टक. तीन टिचक्या म्हणजे तीन. थोडं थांबायचं. टक टक टक टक टक, म्हणजे पाच. शून्याला दहा. डायलसुद्धा आतून तेच करते, बाहेरून फिरताना दिसते एवढंच.

मला हे ठाऊक होतं. सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. ताई दुपारी दळण आणायला गेल्या की भिमाबाई यायच्या आणि ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये असलेल्या बहिणीच्या वॉर्डात फोन लावायच्या. एक मिनिट बोलायच्या, निघून जायच्या. बहीण फेब्रुवारीत वारली. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नव्हता. विलासराव रोज संध्याकाळी कुलूप ओढून बघायचे आणि समाधानाने जेवायला बसायचे. मी कोणाला सांगणार? आणि मला सांगता येत असतं तरी सांगितलं नसतं.

ताईंनी भिमाबाईंना जवळ ओढलं. हात धरून म्हणाल्या, लावा. कंपनीच्या नंबरात दोन शून्यं होती. पहिल्यांदा भिमाबाईंची एक टिचकी जास्त पडली आणि फोन वाशीच्या एका साड्यांच्या दुकानात लागला. दुसऱ्यांदा मधेच थांबणं कमी पडलं, नुसतीच घरघर. तिसऱ्यांदा लागला तो एंगेज. चौथ्यांदाही एंगेज. पाचव्यांदा कंपनीच्या गेटवरच्या माणसाने उचलला. तो म्हणाला, कृष्णात कँटीनला गेलाय, बोलावतो, थांबा. ताई थांबल्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या तोंडावर ठिबकत होता.

कृष्णात धापा टाकत आला. ताईंनी सांगितलं. त्याने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"वैनी, फळी तशीच ऱ्हाऊ द्या. माणसं लांब काढा. पार नजरेआड. तिची ती वर येती, पिल्लं तोंडात धरून."

एवढंच होतं. मित्रांनो, एवढंच होतं ते. जाळं नको, पिंजरा नको, कोणी वाघासारखा शूर माणूस नको. माणसांनी तिथून जायचं होतं.

ताईंनी मला जागेवर ठेवलं आणि कान्हाच्या फोनची वाट बघत बसल्या. एक पन्नास. एक पंचावन्न. मी वाजेना. त्यांनी मला उचलून कानाला लावलं, बंद तर पडलो नाही ना ते बघायला. मी चालू होतो. मग भिमाबाई हळूच म्हणाल्या, "वैनी, त्यानं केला असंल की फोन. आपण लावीत होतो तवा."

केला होता. कान्हाने तीनदा केला होता, आणि तिन्ही वेळा त्याला एंगेज लागला. तो माणूस किराणा दुकानात दहा मिनिटं उभा राहिला आणि मग खड्ड्याकडे पळत परत गेला. ताईंकडे आता ते वाक्य होतं, पण ते पाठवायचं कुठे? किराणा दुकानाचा नंबर त्यांनी विचारलाच नव्हता. रोज दहा जणांचे निरोप घेणारी बाई, पण समोरच्याचा नंबर विचारायची पद्धतच नव्हती. आम्हाला फोन यायचे, आम्ही कधी परत करत नव्हतो. कुलूप होतं ना!

ताई उठल्या आणि चालत, पळत खाडीकडे गेल्या. दुपारची वेळ, रिक्षा नाही. वीस मिनिटं लागली असतील. पुढचं मी पाहिलेलं नाही, नंतर ओळीतल्या लोकांच्या बोलण्यातून ऐकलेलं आहे. त्या पोचल्या तेव्हा खड्डा भरला होता. माणसं अजून कडेला उभीच होती. शेवटी कान्हा पाण्यात उतरला होता, कोल्हिणीने त्याच्या दंडाचा लचका तोडला, तरी एक पिल्लू त्याने वर काढलं. दुसरं मिळालं नाही. कोल्हीण फळीपासून दोन हातांवर तरंगत होती. संध्याकाळी नर तिवरांतून कुई करायला लागला तेव्हा कान्हाने ते पिल्लू मासळीच्या टोपलीत घालून तिवरांच्या तोंडाशी ठेवलं. सकाळी टोपली रिकामी होती. नराने नेलं असं कान्हा म्हणतो. नेलं असेल.

ताई घरी आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. विलासराव आले, त्यांना ओळीतल्या लोकांनी दारातच सगळं सांगितलं होतं. टिचक्यांचंही सांगितलं असणार. ते चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, कोल्ह्यासाठी एवढं काय करून घ्यायचं. ताई भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या सपाट आवाजात म्हणाल्या, "एक वाक्य होतं. माझ्यापर्यंत आलं होतं. मला पुढे देता आलं नाही."

 विलासरावांनी जुडगं काढलं, कुलूप उघडलं, त्याची किल्ली जुडग्यातून सोडवली आणि दोन्ही बाहेर नेऊन कुठे टाकलं की कोणाला दिलं, मला माहीत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

त्या दिवशी मला वाईट वाटलं असं सांगायला हवं. वाटलं नाही. भिमाबाईंच्या टिचक्या पडत होत्या तोवर वाटत होतं, प्रत्येक टिचकीला वाटत होतं. नंतर काहीच नाही. ताईंचंही तसंच झालं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाजलो, घणसोलीहून कोणीतरी सापासाठी बोलत होतं. ताईंनी उचललं आणि म्हणाल्या, "आधी तुमचा नंबर सांगा." आवाजात चढउतार नाही. त्या दिवसापासून हेच पहिलं वाक्य. माणूस रडत असो, किंचाळत असो, आधी नंबर. आजही या कचेरीत नवीन येणाऱ्या मुलामुलींना पहिली गोष्ट हीच शिकवतात. कशामुळे ते सांगत नाहीत.

लोक म्हणायचे, मोहिते वहिनींचा आवाज किती शांत, ऐकूनच धीर येतो. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यातही 'शांत आणि खंबीर' असं होतं. ती शांतता नव्हती हो. मी तो आवाज रोज वाहून न्यायचो, मला ठाऊक आहे.

पण फोन उचलणं थांबलं नाही. भिमाबाई दुपारची पाळी घेऊ लागल्या आणि ताईंपेक्षा चांगलं बोलू लागल्या. त्या पलीकडच्या माणसाला आधी पाणी प्यायला लावायच्या. कृष्णातने फक्त सापच नाही, तर घोरपड, बगळा, कासव, कोल्हा, सगळ्यांची वाक्यं लिहून आणली, आणि विलासरावांनी आपल्या स्टोअरकीपरच्या अक्षरात ती पुठ्ठ्यावर उतरवली. प्रत्येक फोनची तारीख, जागा, जनावर, काय झालं, याची वही तेच ठेवायचे. कोल्ह्याचं वाक्य पुठ्ठ्यावर सगळ्यात वर होतं. 'माणसं लांब न्या.' खाडीकाठची खबर कान्हाकडून यायची. आता तो निरोप देऊन दुकानातच थांबायचा, आणि ताई कृष्णातला विचारून पाच मिनिटांत उलटा फोन करायच्या. असे किती जीव वाचले, ते वहीत आहे. बरेच आहेत.

१९९७ साली ठरलं, की संस्था रीतसर नोंदवायची. सुधीर नावाचे एक वकील वाशीहून आले. भला माणूस, फी घेतली नाही. तेव्हा मी अजून मोहित्यांच्या घरीच होतो. संध्याकाळची वेळ, चहा झाला होता. सुधीर अर्जातले रकाने भरत होते. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढे होतं, संस्थेचा उद्देश. ते म्हणाले, वन्यप्राण्यांची सुटका आणि संवर्धन, असं घालू. मग विलासराव वही घेऊन आले. त्यांनी हिशोब काढला होता आणि ते खूश होते. खाडीकाठावरून पंचाण्णव साली एकसष्ट फोन आले, शहाण्णव साली चाळीस, आणि या वर्षी दिवाळी आली तरी फक्त नऊ. म्हणजे लोक शहाणे झाले, आपलं काम झालं की, असं ते म्हणाले. सुधीरनी तेही अर्जासोबत जोडायला घेतलं. कृष्णात मान हलवत होता.  गेली तीन वर्षं ताई लागेल तेवढंच बोलायच्या.

तेवढ्यात मी वाजलो. ताईंनी उचललं आणि सवयीने म्हणाल्या, "आधी तुमचा नंबर सांगा."

पलीकडून ओळखीचा आवाज आला.

"ताई, मी कान्हा हाय."

त्याने सांगितलं की गेले सहा महिने खाजणात दिवसरात्र भराव पडतोय. त्या खड्ड्याच्या जागी आता सहा मजले आहेत. पलीकडची तिवरं वाळून काटक्या झालीत. होळीपासून कोल्ह्याची कुई ऐकलेली नाही. तुम्ही फोनची वाट बघत बसाल म्हणून सांगतो, असं म्हणाला. मग म्हणाला, "आता माझा फोन येनार नाय, ताई. परायला कोनी उरला नाय हितं."

त्याने ठेवला. ताईंनी मला कानाला धरूनच ठेवलं. माझ्यातून नुसता टोन येत होता. आणि मग ताई रडायला लागल्या. तोंडाला पदर लावून नाही, सुधीर वकिलांसमोर, चहाच्या कपांसमोर, मोठ्याने. तीन वर्षांचं होतं ते. भिमाबाई उठून त्यांच्याजवळ बसल्या.  मी त्यांच्या हातात होतो, आणि त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट नकळत माझ्या खटक्यावर टकटक करत होतं. मला त्या वेळी वाईट वाटलं. खरंच वाटलं.

बऱ्याच वेळाने ताईंनी डोळे पुसले आणि सुधीरना म्हणाल्या, ते सुटका वगैरे खोडा. सुधीरनी विचारलं, मग उद्देश काय लिहू?

"लिहा, खाडीकाठच्या प्राण्यांची राहायची जागा राखणे."

"आणि सुटकेचं काम?"

"जागा राहिली तर फोन येतील. आले की उचलू."

विलासरावांनी वही मिटली. तो हिशोब अर्जाला जोडला नाही.

पुढची दोन वर्षं माझा सूर वेगळा झाला. येणारे फोन कमी, जाणारे जास्त. ताई डायल फिरवायच्या, या खात्याला, त्या कचेरीला, पेपरवाल्यांना, बोट दुखेपर्यंत. बहुतेक जण थांबवून ठेवायचे. रविवारी सगळे खाडीकाठी जायचे. कान्हा पुढे, हातात काठी, तो दाखवायचा इथून इथवर आमच्या आजाच्या वेळेपासून तिवरं आहेत. विलासराव ट्रकचे नंबर लिहून घ्यायचे. गावातले काही लोक चिडले, जमिनीला भाव येतोय तो तुम्ही पाडता म्हणाले, कान्हाच्या भावाने त्याच्याशी बोलणं सोडलं. शेवटी गावाच्या उत्तरेचा एक पट्टा राहिला. मोठा नाही. चालायला लागलं तर चहा गार होईपर्यंत संपतो. बाकीचं गेलं.

आता १९९९ संपत आलंय. गेल्या महिन्यात संस्थेला ही कचेरी मिळाली आणि बटणांचा फोन आला. माझी वायर कापायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचा वाजलो. दिवेलागणीची वेळ होती. ताईंनी उचललं. पलीकडे कान्हा होता. त्याने दुकानाच्या दाराबाहेर रिसीव्हर धरला होता. आधी वारा, मग एका रिक्षाचा आवाज. मग लांबून, अगदी बारीक, कोल्ह्याची कुई. एकदा. थोड्या वेळाने परत एकदा. दुसऱ्या कोणी उत्तर दिलं नाही.

"एकच हाय," कान्हा म्हणाला. "पन हाय."

ताई बरं म्हणाल्या. त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी मला कपाटावर ठेवलं.

तर मित्रांनो, माझी धूळ पुसायची काही गरज नाही. माझ्या भोकांत बोटं घाला हवी तर, मला काही होत नाही. पण माझं एक ऐका. तुमच्या घरीही फोन असेल, किंवा लवकरच येईल. कोणाचा फोन रोज यायचा आणि हळूहळू यायचा बंद झाला, तर त्याचं सगळं ठीक चाललंय असं धरून बसू नका. आम्ही नऊ फोन मोजले आणि खूश झालो होतो. फोन नाही आला, तर पायात चपला घाला आणि जाऊन बघून या.